टचपॅड मागवू नका, आधी बॅटरी बघा

जळगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉप साडेचार वर्षांचा. महिनाभरापासून टचपॅड दाबला जात नाही, बोट फिरवलं तर बाण हलतो पण क्लिक होत नाही. स्पेसबारही अधूनमधून अडकतो. चार्जर काढला की वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडतो, म्हणून तो कायम चार्जरलाच असतो. दुकानात दाखवला तर टचपॅडसकट वरचा पॅनल बदलावा लागेल, साडेसहा हजार होतील असं सांगितलं. तेवढे घालण्यापेक्षा टचपॅड ऑनलाइन मागवून घरी बसवता येईल का?

घरी बसवता येईल. पण टचपॅड मागवू नका, कारण माझ्या अंदाजाने तो धडधाकट आहे. बिघडली आहे ती त्याच्याखालची बॅटरी. ती फुगून टचपॅडला खालून टेकली आहे, मग तो दाबला जाणार कसा? सतरा-अठरा वर्षं नाशिकला लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतोय. गिऱ्हाइकाने 'टचपॅड गेलाय' म्हटलं की मी टचपॅडकडे बघतही नाही, आधी लॅपटॉप बाजूने धरून बघतो.

तुम्हीही बघा. झाकण मिटून लॅपटॉप काचेच्या टीपॉयवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा. चारही पाय टेकतात का, की एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की डुगडुगतो? डोळे त्याच्या पातळीला आणून कडेची फट बघा. सगळीकडे सारखी आहे की पुढच्या बाजूला मधोमध नख जाईल एवढी उघडली आहे? मग झाकण उघडून, आपण तळहात टेकतो त्या भागावर कंपासपेटीतली पट्टी आडवी ठेवा. पट्टी सपाट बसायला हवी. मधे टेकून दोन्ही टोकं हवेत राहिली तर निदान झालं. क्लिक न होणं, स्पेसबार अडकणं आणि वीस मिनिटांत बंद पडणं ही तीन दुखणी वेगवेगळी वाटतात, पण तिन्हींची जागा एकच आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी नेमकी टचपॅड आणि स्पेसबारच्या खालीच असते.

आत काय होतं ते एकदा समजलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. हल्लीच्या पातळ लॅपटॉपच्या बॅटरीत दोन, तीन किंवा चार सेल असतात, आणि प्रत्येक सेल म्हणजे चांदीच्या रंगाचं एक बंद पाकीट, थेट वेफर्सच्या पुड्याच्या जातीचं. त्यात धातूच्या पातळ पट्ट्या, मधे प्लॅस्टिकचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा आणि सगळं भिजवणारं एक ज्वालाग्राही द्रव. सेल पूर्ण भरलेला, म्हणजे ४.२ ते ४.४ व्होल्टला, आणि वर गरम असला की हे द्रव हळूहळू विघटित होतं आणि त्यातून वायू सुटतो. पाकीट बंद असल्याने वायूला जायला जागा नसते, म्हणून पाकीट फुगतं. तुमचा लॅपटॉप वर्षानुवर्षं चार्जरला, बॅटरी सतत १०० टक्के, आणि गाव जळगाव, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. बॅटरी फुगायला आणखी काही लागत नाही.

तेव्हा आत्ताच चार्जर काढा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, एवढा एक नियम मोडू नका. फुगवटा थोडा असेल, लॅपटॉप गरम लागत नसेल, तर चार्जरशिवाय चालू करून नजरेसमोर बॅटरी उतरू द्या आणि मग बंद करा. सेलमध्ये चार्ज जितका कमी, तितकं काही बिनसल्यास नुकसान कमी. पण कव्हर उघडं पडण्याइतका फुगवटा असेल, किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येत असेल, तर चालूही करू नका. वास म्हणजे पाकीट कुठेतरी फाटलं आहे. अशी बॅटरी स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका, लॅपटॉप गॅलरीत नेऊन ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

घरी करण्यासारखं काम आहे की नाही, हे बॅटरी आत कशी बसवली आहे यावर ठरतं. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या चौदा-पंधरा इंची लॅपटॉपमध्ये ती चार ते आठ स्क्रूंनी बसवलेली असते. ज्याने घरातला मिक्सर किंवा इस्त्री उघडून पुन्हा जोडली आहे त्याला हे जमतं. काही पातळ मॉडेलांत, मॅकबुकमध्ये आणि सरफेसमध्ये ती गोंदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेली असते. चिकटवलेली आणि त्यात फुगलेली बॅटरी घरी काढायची नाही. हे मी स्वतः पोळून शिकलो आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. तुमच्या मॉडेलचं नाव आणि 'बॅटरी रिप्लेसमेंट' असं टाकून एक व्हिडिओ आधी पूर्ण बघा. बऱ्याच कंपन्या मॉडेलवार सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देतात, त्यात कुठला स्क्रू किती लांबीचा हेही असतं. व्हिडिओपेक्षा माझा भरवसा त्यावर जास्त.

उघडण्याआधी मोबाइलवर एक काम उरकून घ्या. विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद केलेली असेल, आणि हल्ली नव्या लॅपटॉपवर ती आपल्या नकळत झालेली असते, तर बॅटरी काढल्यावर सेटिंग हललं म्हणून मशीन कधीकधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून लॉगिन करून दिसते. वहीत उतरवून ठेवा. बहुतेक वेळा लागत नाही. लागते तेव्हा मात्र रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो.

आता जागा. गादीवर, सतरंजीवर नको. स्वयंपाकघराचा ओटा सपाट आणि दगडी असतो म्हणून मोह होतो, पण शेजारी गॅस आहे, तिथे अजिबात नको. गॅलरीतली फरशी किंवा दाराजवळचं टेबल बरं, जिथून वस्तू पटकन बाहेर नेता येते. शेजारी वाळूचं घमेलं ठेवा. घरात वाळू नसेल तर कोपऱ्यावरच्या बांधकामावरून चार ओंजळी मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. वाळूने सेलची आग विझत नाही, ती आवरली जाते, आजूबाजूला पसरत नाही. आणि पाण्याबद्दलचा एक गैरसमज इथेच काढून टाकतो. 'लिथियमवर पाणी टाकलं की भडका उडतो' हे शाळेत ऐकलेलं असतं, ते लिथियम धातूबद्दल खरं आहे. लॅपटॉपच्या लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम बहुतांशी संयुगांच्या रूपात असतो. सेल पेटलाच तर त्याला थंड करायला भरपूर पाणी हाच उपाय, फक्त आधी भिंतीवरचं बटण बंद. धूर मात्र विषारी असतो. खोली धुराने भरली तर लॅपटॉपचा नाद सोडून बाहेर या.

हत्यारं फार लागत नाहीत. फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा) शून्य नंबरचा चांगला स्क्रूड्रायव्हर, काही मॉडेलांना टी-५ टॉर्क्स (चांदणीसारख्या टोकाचा), आणि एक जुनं एटीएम कार्ड. स्क्रूड्रायव्हर वीस रुपयांच्या संचातला नको. त्याचं टोक मऊ असतं, ते स्क्रूच्या डोक्यात फिरतं आणि डोकं गुळगुळीत करून ठेवतं. मग पाच मिनिटांच्या कामाला दोन तास. एखादं डोकं गेलंच तर रुंद रबरबँड मधे धरून जोराने दाबून फिरवा, पुष्कळदा निघतो.

स्क्रू काढताना तेवढा धीर धरा. एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचा चौकोन काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते. छोट्या भोकात लांब स्क्रू गेला तर तो वरच्या बाजूला टेंगूळ आणतो, नाहीतर आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या तारेत घुसतो. सुरुवातीच्या दिवसांत मी एका कॉलेजच्या पोराचा लॅपटॉप असाच घाईने मिटवला होता. दोन मिलीमीटर जास्त लांबीच्या एका स्क्रूने त्याचं यूएसबी कायमचं गेलं आणि बोर्ड मला पदरचे पैसे घालून आणावा लागला. पुठ्ठा तेव्हापासून सुटला नाही.

सगळे स्क्रू काढूनही कव्हर हलत नसेल तर जोर लावायच्या आधी रबरी पायांखाली बघा. काही मॉडेलांत पायांची लांब पट्टी सोललीत की खाली दोन-तीन स्क्रू लपलेले सापडतात. काही स्क्रू सैल होतात पण कव्हरमधून सुटत नाहीत, ते तसेच बनवलेले असतात, ओढत बसू नका. मग एटीएम कार्ड बिजागरीजवळच्या कोपऱ्यात सरकवा आणि कडेने फिरवत न्या. आतले प्लॅस्टिकचे खटके एकेक करून टक् टक् सुटतात. त्या आवाजाने पहिल्यांदा छाती धडधडते, पण तो तुटण्याचा नाही, सुटण्याचा आवाज आहे. एक खबरदारी: कार्ड पाऊण इंचापेक्षा आत घालू नका, आणि पुढच्या कडेला, जिथे बॅटरी आहे, तिथे तर जेमतेम कडेपुरतंच. फुगलेलं पाकीट अगदी कव्हरला टेकलेलं असू शकतं.

कव्हर निघालं की समोर बॅटरी दिसेल. चांगली बॅटरी सपाट, काळी आणि कंटाळवाणी असते. फुगलेली लगेच ओळखू येते. वरचं काळं प्लॅस्टिक ताणलेलं, एखाद्या सेलची उशी झालेली, लेबलाला सुरकुत्या पडण्याऐवजी तुकतुकी आलेली. दाबून बघू नका. प्रत्येकाचं बोट तिकडे जातं, माझंही जायचं.

पहिलं काम कनेक्टर सोडवणं, बॅटरीचे स्क्रू नंतर. बॅटरीपासून सात-आठ रंगीत तारा एका छोट्या पांढऱ्या किंवा काळ्या कनेक्टरमध्ये जातात. काही कनेक्टर बोर्डाला समांतर, म्हणजे आडवे सरकून निघतात, काही सरळ वर उचलले जातात, काहींवर तारेची बारीक कडी असते, ती आधी मागे पाडावी लागते. यातला प्रकार न ओळखता ओढलं तर कनेक्टर बोर्डावरून उपटून येतो, आणि ते मग घरचं काम राहत नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा. दोन्ही बाजूंना नखाला अडकतील असे कान असतील तर आडवा सरकणारा. दोन्ही अंगठ्यांची नखं त्या कानांवर ठेवून, एकदा डावीकडून केसभर, एकदा उजवीकडून केसभर, असा डुलवत बाहेर काढा. तारा धरून ओढायचं नाही. लोखंडी टोक वापरायचं नाही. कनेक्टर निघाला की लॅपटॉपचं चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, बोर्डात उरलासुरला चार्ज निघून जातो. काही मॉडेलांत हा कनेक्टर काढण्याआधी बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, बॅटरी बंद करायची सोय असते. लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' अशी आहे. लॅपटॉप चालू होण्याजोगा असेल तर ती आधी वापरलेली उत्तम.

आता बॅटरीचे स्क्रू काढा आणि तिला दोन्ही हातांनी, कडेच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला धरून, सपाट वर उचला. एक बाजू आधी उचलून वाकवायची नाही. सेलच्या पोटाला हात नको. अडली तर थांबा आणि राहिलेला स्क्रू शोधा. एक तरी राहिलेलाच असतो, बहुतेक वेळा लेबलाखाली किंवा टचपॅडच्या बाजूला.

नाही निघत म्हणून खालून काहीतरी घालून उचकटायचं नाही, आणि इथे माझी गोष्ट सांगतो. २०१५ च्या सुमारास एक चिकटवलेली, फुगलेली बॅटरी मी स्टीलच्या पातळ पात्याने उचकटत होतो. रात्रीची वेळ, गिऱ्हाईक समोर बसलेलं. पात्याचं टोक पाकिटात शिरलं. आधी फक्त फुस्स असा आवाज आला आणि तो गोडसर वास. मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. आणि मग पांढरा धूर, असा की टेबल दिसेना. गिऱ्हाईक बाहेर पळालं, मी लॅपटॉप सुती टॉवेलात धरून फरशीवर टाकला, कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. ज्वाला फारशी दिसली नाही, पण टॉवेलाला भोक पडलं आणि घसा चार दिवस खवखवत होता. बॅटरी तेव्हा जवळजवळ पूर्ण भरलेली होती, मी उतरवायचे कष्ट घेतले नव्हते. चूक सगळी माझी. आज चिकटवलेली बॅटरी आली तर मी कडेने नव्वद टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडतो, पंधरा मिनिटं थांबतो, आणि दात साफ करायच्या धाग्याने गोंद कापतो, तेही बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर.

बाहेर काढलेल्या बॅटरीच्या कनेक्टरवर सेलोटेप लावा आणि ती वाळूच्या घमेल्यात ठेवून घमेलं गॅलरीत, उन्हापावसापासून आडोशाला. घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका. घंटागाडीत टाकायची नाही, गाडीत कचरा दाबला जातो आणि फुगलेलं पाकीट दाबलं की काय होतं ते वर आलंच. भंगारवाल्यालाही नको, तो पत्रा मिळवायला ती फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं पुनर्चक्रण करून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून लेबलावर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं. ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाला द्या. नेण्याआधी फोन करून 'बॅटरी फुगलेली आहे' हे स्पष्ट सांगा. कुरिअरने पाठवू नका.

नवी बॅटरी मी अजून मागवायला सांगितली नाही, ते मुद्दाम. लॅपटॉपच्या मॉडेलवरून बॅटरी मागवली की हमखास चुकते, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या घालते. खरा नंबर जुन्या बॅटरीच्या लेबलावर असतो, आणि लेबल पुष्कळदा खालच्या बाजूला. म्हणून आधी काढा, लेबलाचा स्वच्छ फोटो घ्या, मग खरेदी. तोवर कव्हर लावून, बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर लॅपटॉप वापरा. बहुतेक लॅपटॉप असे चालतात, काही थोडे मंद होतात. फक्त लाइट गेली की लॅपटॉपही गेला, त्यामुळे दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावा. आणि हो, याच वेळी टचपॅडही दाबून बघा.

लेबलावर तीन गोष्टी जुळायला हव्यात: पार्ट नंबर, व्होल्टेज आणि कनेक्टर. व्होल्टेजमध्ये ११.४ आणि ११.५५ एवढा फरक बऱ्याचदा चालतो, कारण दोन्ही तीन सेलच्याच आणि कंपनी स्वतःच दोन्ही वापरते. ७.६ च्या जागी ११.४ कधीच नाही, ती दोन सेलची जागा आहे. क्षमता थोडी जास्त असली तर हरकत नाही, मात्र तेवढ्याच आकारात फार जास्त आकडा छापलेला असेल तर तो छापखान्यातच वाढलेला आहे. खोटं लेबल पकडायची एक साधी युक्ती आहे, शाळेतल्या गुणाकाराची. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. ११.४ व्होल्ट आणि ३६०० एमएएच (मिलीअँपिअर-अवर, म्हणजे ३.६ अँपिअर-अवर) असेल तर ११.४ गुणिले ३.६ म्हणजे ४१.०४ वॉट-अवर, आणि लेबलावर साधारण ४१ लिहिलेलं हवं. नकली लेबल करणारे एमएएच वाढवतात आणि वॉट-अवर बदलायचं विसरतात. भारतात विकायच्या लिथियम बॅटरीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं. दोन मिनिटं लागतात, बघाच.

'ओरिजिनल' या शब्दाला बाजारात काही किंमत राहिलेली नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला एकाच काउंटरवर तुम्हाला 'ओरिजिनल', 'कंपनी ओरिजिनल' आणि 'एकदम ओरिजिनल' असे तीन भाव सांगतील. माझा हिशेब असा: ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरकडून मिळत असेल तर तीच घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात. मिळत नसेल तर कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने तुमच्या लॅपटॉपला बसेल अशी बनवलेली घ्या, पण पक्कं बिल आणि निदान वर्षभराची वॉरंटी देणाऱ्याकडूनच. तुमच्या जुन्या मॉडेलची 'सीलबंद ओरिजिनल' स्वस्तात मिळत असेल तर उत्पादनाची तारीख विचारा. बॅटरी न वापरता पडून राहिली तरी म्हातारी होते, चार वर्षं गोदामात पडलेली नवी बॅटरी नवी नसते. आणि 'जुन्याच खोक्यात नवे सेल भरून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. पाकीटवाल्या सेलचं ते काम नीट करणारे मी फार थोडे बघितले आहेत.

बसवणं हा सगळ्यात सोपा भाग, कारण जे केलं तेच उलट. आधी बॅटरी जागेवर, मग तिचे स्क्रू, आणि कनेक्टर शेवटी. स्क्रू हाताला लागेपर्यंतच, आवळून आटे घालवू नका. तारा आधी ज्या खाचेतून गेल्या होत्या तिथूनच जाऊ द्या, कव्हरखाली चेंगरलेली तार महिन्याभराने त्रास देते. कव्हर पूर्ण बसवायच्या आधी एकदा चालू करून बघा.

आणि चालू झाला नाही तर घाबरू नका. नवी बॅटरी कधीकधी झोपलेल्या अवस्थेत येते, चार्जर लावल्याशिवाय जागी होत नाही. विमानाने सुटी पाठवायची बॅटरी ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली चालत नाही, त्यामुळे तिच्यात मुळात चार्जही थोडाच असतो. चार्जर लावा, पाच मिनिटं थांबा, मग बटण दाबा. पहिल्या वेळी पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, तारीख-वेळ चुकलेली असू शकते. तारीख दुरुस्त करा, नाहीतर इंटरनेटवर निम्मी पानं उघडणार नाहीत आणि तुम्ही वायफायला दोष देत बसाल. पहिल्यांदा १०० टक्के भरू द्या, एकदा दहा टक्क्यांपर्यंत उतरू द्या, पुन्हा भरा. याने बॅटरी 'ट्रेन' होत नाही, टक्केवारी मोजणारी चिप फक्त आपलं माप लावून घेते.

दोन-तीन दिवसांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे बघा. नव्या बॅटरीत ते जवळजवळ सारखे हवेत. दुसरा आकडा पहिल्याच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून कमी असेल तर बॅटरी नवी नाही, बिल घेऊन लगेच परत जा. ज्यांची बॅटरी अजून फुगलेली नाही त्यांनीही हा रिपोर्ट वर्षातून एकदा काढून बघावा.

चार्जर कायम लावून ठेवणं तुम्हाला टाळता येणार नाही, कामाचं टेबल ते टेबल. मग मर्यादा लावा. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड', असूसच्या मायअसूसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा, डेल आणि एचपीमध्ये बायोसमध्ये किंवा त्यांच्या ॲपमध्ये तशीच सोय असते. ती चालू केली की विंडोज 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं काहीतरी दाखवतं. ते बघून लोक माझ्याकडे नवी बॅटरी बिघडली म्हणून येतात. बिघडलेली नसते. आणि उन्हाळ्यात लॅपटॉप पलंगावर चादरीत ठेवून चालवू नका, हवा घ्यायची जाळी खालीच असते.

आता राहिला टचपॅड. बॅटरी काढल्यावर दहापैकी आठ-नऊ वेळा तो त्याच मिनिटाला पहिल्यासारखा क्लिक करायला लागतो. तुमचाही झाला तर साडेसहा हजारांचा विषय संपला. नाहीच झाला तर कव्हर उघडं असतानाच त्याच्या पाठीमागची पत्र्याची पट्टी बघा. बॅटरीने ती वर ढकलून वाकवलेली असते. चार बारीक स्क्रू काढून पट्टी बाहेर घ्या, पुस्तकात दाबून सरळ करा आणि परत लावा. मात्र तळहाताचा अख्खा भागच वाकून राहिला असेल, कंपासपेटीतली पट्टी ठेवल्यावर बॅटरीशिवायही तिची टोकं हवेत राहत असतील, तर दुकानदार म्हणाला तो पॅनल खरंच लागेल. त्यात कीबोर्डसकट सगळा लॅपटॉप सुटा करावा लागतो, तेवढं काम त्याला करू द्या. पण बॅटरी बदलून घेतल्याशिवाय नवा पॅनल बसवू देऊ नका.